विश्लेषण : पायी फिरून देशाची भाषा शोधणारे ईवार ओसेन कोण होते?

२०२३ चे साहित्याचे नोबेल नॉर्वेचे लेखक यून फोसे यांना मिळाले, तेव्हा ते कोणत्या भाषेत लिहितात याचीही चर्चा झाली. फोसे लिहितात ती नीनॉर्स्क, म्हणजे ‘नवी नॉर्वेजियन’. नॉर्वेत आजही साधारण १० ते १५ टक्के लोकच ती लिहिण्यासाठी वापरतात. या लिखित भाषेचा आराखडा पावणेदोनशे वर्षांपूर्वी ईवार ओसेन नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तयार केला. त्यांनी विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नव्हती. त्यासाठी ते चार-पाच वर्षे जवळपास सारा देश फिरले आणि खेडुतांच्या तोंडचे शब्द टिपत गेले. परकी सत्ता गेली तरी तिची भाषा मागे राहते, तेव्हा काय करायचे, या प्रश्नाला त्यांचे आयुष्य हे एक उत्तर होते. ते सर्वांना पटले नाही आणि आजही पटत नाही.

नॉर्वेला स्वतःची भाषा शोधण्याची वेळ का आली?

मध्ययुगात नॉर्वेची स्वतःची लिखित भाषा होती. कायदे, राजांची चरित्रे, धार्मिक ग्रंथ तिच्यात लिहिले जात. १३४९-५० च्या प्लेगच्या साथीत देशाची मोठी हानी झाली. लिहिणारा वर्गच विरळ झाला. १३८० मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वे एका राजाच्या छत्राखाली आले आणि पुढे सत्तेचे केंद्र कोपनहेगनकडे सरकले. १५३६-३७ च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये डॅनिश बायबल आले. १६०४ मध्ये नॉर्वेचा जुना कायदाही डॅनिश भाषेत आणण्यात आला. न्यायालय, चर्च, शाळा आणि छापखाना या चारही ठिकाणी डॅनिश बसली. घरात आणि शेतावर मात्र लोक आपापली बोलीच बोलत राहिले.

१८१४ मध्ये हे चित्र अचानक बदलले. नेपोलियनच्या बाजूने असलेल्या डेन्मार्कचा पराभव झाला आणि कीलच्या तहानुसार नॉर्वे स्वीडनच्या राजाला देण्यात आला. नॉर्वेच्या प्रतिनिधींनी आइड्सवोल येथे जमून १७ मे १८१४ रोजी स्वतःची राज्यघटना मंजूर केली. त्याच वर्षी स्वीडनशी संयुक्त राजवट मान्य करावी लागली, पण घटना आणि संसद टिकली. साधारण ९ लाख लोकसंख्येचा हा छोटा देश चारशे वर्षांहून अधिक काळाने डेन्मार्कपासून वेगळा झाला.

अडचण अशी की, ती घटनाही डॅनिश भाषेतच लिहिलेली होती. कागदोपत्री तिला नॉर्वेजियन म्हटले गेले, कारण आता स्वीडिश नको होती. परंतु शाळेत शिकवली जाणारी, वर्तमानपत्रात छापली जाणारी भाषा कोपनहेगनचीच होती. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत गेल्यावर कळायचे की आपण घरी बोलतो ते लिहायच्या लायकीचे नाही.

ओसेन यांचे बालपण कसे गेले?

ईवार ओसेन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८१३ रोजी, म्हणजे राज्यघटनेच्या नऊ महिने आधी झाला. पश्चिम किनाऱ्यावरील सुनमोरे भागात ओर्स्टा येथे ओसेन नावाची छोटी शेती होती आणि तेच नाव पुढे आडनाव झाले. आठ भावंडांत ते धाकटे होते. तीन वर्षांचे असताना आई गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. शेती मोठ्या भावाकडे आली आणि ईवार त्याच्या हाताखाली राबू लागले. घरी पुस्तके मोजकीच होती. जी हाती लागतील ती ते पुन्हा पुन्हा वाचत.

शेतीच्या कामात त्यांचे मन रमले नाही. १८३१ मध्ये, अठराव्या वर्षी, ते गावच्या फिरत्या शाळेत शिक्षक झाले. त्या काळी खेड्यांत शाळेची इमारत नसे. शिक्षक एका शेतघरात काही दिवस राहून आसपासची मुले शिकवी आणि मग पुढच्या घरी जाई. पुढे ज्या पद्धतीने त्यांनी देश पालथा घातला, तिची ही पहिली तालीम म्हणता येईल.

१८३३ मध्ये ते हेरोय येथील वरिष्ठ धर्मगुरू थोरेसन यांच्याकडे राहून लॅटिन आणि इतर विषय शिकले. १८३५ ते १८४२ या काळात सोलनोर येथे दाआ नावाच्या लष्करी कॅप्टनच्या मुलांचे ते खासगी शिक्षक होते. या सात वर्षांत त्यांनी दोन छंद शास्त्रशुद्ध रीतीने जोपासले. पहिला वनस्पतींचा. रानावनांत फिरून त्यांनी ५०९ वनस्पतींचे नमुने वाळवून, नावे लावून संग्रह केला. दुसरा आपल्या मुलखाच्या बोलीचा. व्याकरणाची पुस्तके स्वतःच वाचून त्यांनी सुनमोरेच्या बोलीचे व्याकरण लिहून काढले.

१८३६ च्या सुरुवातीला, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी देशाच्या लिखित भाषेवर एक टिपण लिहिले. स्वतंत्र देशाला स्वतःची लिखित भाषा हवी, ती कोणा एका बोलीवर नव्हे तर सगळ्या बोलींची तुलना करून उभी करावी आणि त्यासाठी आधी बोलींची माहिती गोळा करावी, असा त्याचा आशय होता. ते टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण पुढची साठ वर्षे त्यांनी त्याच आराखड्यावर काम केले.

प्रवासाची संधी कशी मिळाली?

१८४१ मध्ये ओसेन बर्गनला गेले आणि बिशप याकोब नॉयमान यांना भेटले. सोबत वनस्पतींचा संग्रह होता आणि बोलीच्या व्याकरणाचे हस्तलिखित होते. बिशपना स्वतःला बोलींत रस होता. त्यांनी या अनोळखी तरुणाच्या कामाची माहिती स्थानिक वर्तमानपत्रातून लोकांपुढे आणली. ती ट्रॉन्डहाइमच्या रॉयल नॉर्वेजियन सोसायटी ऑफ सायन्सेस अँड लेटर्स या संस्थेचे प्रमुख फ्रेडरिक मोल्टके बुगे यांच्यापर्यंत पोहोचली. देशातील बोलींचा अभ्यास करण्यासाठी संस्थेने ओसेन यांना वार्षिक वेतन देऊ केले.

पदवी नसलेल्या शेतकरी घरच्या माणसाला असे काम मिळणे त्या काळात विरळाच होते. विद्यापीठ गाठण्याचा मार्गही त्यांना एकदा खुला झाला होता, पण ते त्या वाटेने गेले नाहीत. शिकून अधिकारी झालो तर आपल्याच माणसांपासून दुरावू, ही भावना त्यांच्या मनात होती, असे चरित्रकार सांगतात.

ते कुठे कुठे फिरले आणि काय केले?

नॉर्वेचा नकाशा पाहिला की या कामाची अडचण लक्षात येते. देशाची लांबी सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर. मध्ये डोंगररांगा, किनाऱ्यावर आत घुसलेले फ्योर्ड. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तिथे एक डोंगर ओलांडला की बदलते. रेल्वे अजून आलेली नव्हती. पहिला लोहमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला.

१८४२ मध्ये निघालेले ओसेन १८४६ च्या अखेरीपर्यंत फिरत होते. पश्चिमेचे सोग्न, वोस, हार्डांगेर हे भाग, मग दक्षिणेकडचे सेतेसदाल, तेलेमार्क, पुढे हालिंगदाल, वाल्द्रेस, गुदब्रान्सदालची खोरी, त्यानंतर ट्रॉन्डहाइमचा परिसर आणि उत्तरेला हेल्गेलांड असा हा प्रवास झाला. बहुतेक वाट पायी किंवा होडीने. एखाद्या भागात काही आठवडे, हिवाळ्यात काही महिने मुक्काम करायचा. तिथल्या लोकांत बसायचे, ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि तुलना करून टिपणे नीट लावायची.

शहरे त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली. तिथली बोली डॅनिशच्या छायेत बदलली आहे, असे त्यांचे मत होते. खेड्यांतही काम सोपे नव्हते. कागद-पेन घेतलेल्या परक्या माणसासमोर लोक पुस्तकी शब्द वापरत, कारण शिकल्यासवरलेल्या माणसापुढे घरचे बोलणे बरे दिसत नाही, हे त्यांच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबलेले होते. ओसेन स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, अंगावर साधे कपडे, बोलणे कमी. त्यामुळे हा संकोच गळून पडायला मदत होई.

शब्दांबरोबर त्यांनी म्हणी, गाणी, गोष्टी आणि वनस्पतींची स्थानिक नावेही जमवली. कोणता शब्द कोणत्या खोऱ्यात बोलला जातो, त्याचा उच्चार कसा, रूपे कशी चालतात, याची नोंद असे. झाडांचे नमुने गोळा करून गटवार लावणाऱ्या माणसाचीच ही पद्धत होती.

या प्रवासातून काय हाती आले?

१८४७ मध्ये ओसेन क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे राहायला आले. १८४८ मध्ये नॉर्वेच्या लोकभाषेचे व्याकरण आणि १८५० मध्ये सुमारे २५ हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. इतिहासकार पी. ए. मुंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचे स्वागत केले. विस्कळीत, गावंढळ समजल्या गेलेल्या बोलींच्या मुळाशी एकच व्याकरण आहे आणि ते मध्ययुगातील नॉर्स भाषेशी थेट जोडलेले आहे, हे या दोन पुस्तकांनी दाखवून दिले. नॉर्वेचे लोक बोलतात ती बिघडलेली डॅनिश नव्हे, हे आता पुराव्यानिशी सांगता येऊ लागले.

इथपर्यंत काम नोंदीचे होते. पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. १८५३ मध्ये त्यांनी बोलींच्या नमुन्यांबरोबर एका समान लिखित रूपाचे नमुने छापले आणि त्याला ‘लान्समोल’, म्हणजे देशाची भाषा असे नाव वापरले.

समान रूप ठरवले कसे?

एक साधे उदाहरण घेऊ. ‘मी’ या शब्दासाठी वेगवेगळ्या खोऱ्यांत एग, ए, ये, ई, ऐ अशी रूपे होती. मध्ययुगीन नॉर्समध्ये तो शब्द ‘एक’ होता. ओसेन यांनी ‘एग’ निवडले. ते बोलीत जिवंत होते आणि मूळ रूपाशी त्याचे नाते स्पष्ट दिसत होते. दगडाला डॅनिशमध्ये ‘स्टेन’, तर खेड्यांत बहुतेक ठिकाणी ‘स्टेइन’ म्हणत. त्यांनी ‘स्टेइन’ घेतले. म्हणजे जी रूपे अनेक बोलींना कवेत घेतात आणि जुन्या भाषेशी जुळतात, ती लिखाणासाठी घ्यायची. उच्चार मात्र ज्याने त्याने आपल्या गावचा ठेवावा. डॅनिश आणि जर्मनमधून आलेले, विशेषतः ‘बे-’, ‘आन-’ अशा उपसर्गांचे आणि ‘-हेट’ या प्रत्ययाचे शब्द शक्यतो टाळायचे.

भाषा नुसती कोशात राहिली तर उपयोग नाही, हेही ते जाणून होते. म्हणून त्यांनी स्वतः तिच्यात लिहिले. १८५५ मध्ये ‘एर्विंगेन’, म्हणजे वारस, हे त्यांचे गाण्यांचे नाटक रंगभूमीवर आले. १८५६ मध्ये म्हणींचा संग्रह निघाला. १८६३ मध्ये ‘सिम्रा’ हा छोटा कवितासंग्रह आला. त्यातील काही रचना नॉर्वेत आजही गायल्या जातात. १८६४ मध्ये सुधारित व्याकरण आणि १८७३ मध्ये सुमारे ४० हजार शब्दांचा मोठा कोश प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्त्यांच्या नावात ‘लोकभाषा’ होती. या दोन्हींच्या नावात केवळ ‘नॉर्वेजियन’ हा शब्द होता.

यात एक विसंगतीही होती. व्याकरणातील विवेचन आणि कोशातील अर्थ ओसेन यांनी अखेरपर्यंत डॅनिशमध्येच लिहिले. त्यांना ज्या वाचकांना पटवायचे होते, त्यांना तीच भाषा वाचता येत होती.

विरोध कोणी आणि का केला?

पहिला आक्षेप असा की, ही भाषा कोणीच बोलत नाही. ती एका माणसाने टेबलावर बसून जुळवली आहे. दुसरा, त्यात पश्चिमेकडील बोलींना झुकते माप आहे आणि पूर्वेकडील खोऱ्यांना, शहरांना जवळपास स्थान नाही. तिसरा आक्षेप व्यवहाराचा होता. डॅनिशमुळे नॉर्वेचे लेखक डेन्मार्कच्या मोठ्या बाजारात वाचले जात, तो का सोडायचा? चौथा, परके म्हणून वगळलेले कित्येक शब्द खेडुतांच्या तोंडी तीन-चारशे वर्षे रुळले होते. मग लोकभाषा कोणती, लोक बोलतात ती की अभ्यासक शुद्ध करतो ती? या प्रश्नाला ओसेन यांच्या पद्धतीत समाधानकारक उत्तर नव्हते.

नाटककार हेन्रिक इब्सेन यांनी १८६७ च्या ‘पेर ग्युंट’मध्ये भाषासुधारकांची टर उडवली. त्यातील हूहू हे वेड्यांच्या इस्पितळातील पात्र लोकांनी माकडांची मूळ भाषा पुन्हा बोलावी म्हणून धडपडते.

दुसरा मार्गही पुढे येत होता. ओसेन यांच्याहून एकच वर्षाने मोठे असलेले शिक्षक क्नूद क्नुदसेन यांचे म्हणणे होते की, डॅनिश एकदम टाकू नये. शहरातील सुशिक्षित नॉर्वेजियन जसे उच्चारतात तसे लेखन हळूहळू बदलत न्यावे. या मार्गातून आजची बहुसंख्याकांची ‘बोकमोल’ तयार झाली. ओसेन यांनी खेड्यापासून सुरुवात केली, क्नुदसेन यांनी शहरापासून. नॉर्वेला अखेर दोन्ही मिळाल्या.

खेड्यांतूनही लगेच उत्साह दिसला नाही. देवाची आणि कायद्याची भाषा डॅनिश, ही सवय जुनी होती. आपली बोली पुस्तकात छापलेली पाहून अनेकांना ती थट्टा वाटे.

ओसेन यांच्या हयातीत काय साध्य झाले?

चळवळ उभी करणे हा त्यांचा पिंड नव्हता. ते काम इतरांनी केले. कवी व पत्रकार ओस्मुन वीन्ये यांनी १८५८ मध्ये ‘डोलेन’ हे साप्ताहिक सुरू करून या भाषेत पत्रकारिता करता येते हे दाखवले. १८६८ मध्ये बर्गन आणि क्रिस्तियानिया येथे या भाषेसाठी दोन संस्था निघाल्या. त्यातील क्रिस्तियानियाची ‘देत नॉर्स्के साम्लागे’ आजही पुस्तके प्रकाशित करते. १२ मे १८८५ रोजी संसदेने सरकारला लान्समोल आणि प्रचलित लिखित भाषा यांना शाळेत व शासनव्यवहारात समान स्थान देण्यास सांगितले. १८८९ मध्ये नवा करार या भाषेत आला. १८९२ मध्ये कोणत्या भाषेत शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक शाळा मंडळांना मिळाला.

ओसेन यांचे स्वतःचे आयुष्य मात्र फारसे बदलले नाही. संसदेने दिलेल्या वेतनावर ते राजधानीत भाड्याच्या खोल्यांत राहिले. लग्न केले नाही. पुढेही अनेक उन्हाळे शब्द गोळा करायला ते बाहेर पडत. उरलेले वर्ष टिपणांच्या ढिगाऱ्यात जाई. प्रकृती नाजूक, स्वभाव बुजरा आणि उदासीकडे झुकणारा. ज्या खेड्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले तिथे ते परत राहायला गेले नाहीत आणि ज्या शहरात जवळपास पन्नास वर्षे काढली तिथलेही झाले नाहीत. २३ सप्टेंबर १८९६ रोजी क्रिस्तियानियातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये, नॉर्वे स्वीडनपासूनही स्वतंत्र झाला.

इतर छोट्या देशांतही असे घडले का?

एकोणिसाव्या शतकात युरोपभर असे प्रवासी दिसतात. सर्बियन भाषेचा कोश १८१८ मध्ये वूक काराजिच यांनी प्रसिद्ध केला आणि लोकगीतेही जमवली. फिनलंड १८०९ मध्ये स्वीडनकडून रशियाकडे गेला; तिथे डॉक्टर असलेल्या एलियास ल्योनरोट यांनी कारेलियाच्या खेड्यांत फिरून गाणी गोळा केली आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचले. फेरो बेटांवर धर्मगुरू हामर्सहाइम्ब यांनी १८४६ मध्ये फेरोइज भाषेची लेखनपद्धती ठरवली.

ओसेन यांचे काम यापेक्षा एका अर्थाने अवघड होते. फिनिश आणि स्वीडिश या पूर्णपणे वेगळ्या भाषा आहेत. कोणती आपली आणि कोणती परकी, हे सांगावे लागत नव्हते. डॅनिश आणि नॉर्वेच्या बोली मात्र सख्ख्या बहिणी. इतक्या जवळच्या भाषेपासून वेगळे होण्याची गरज काय, हे आधी आपल्याच लोकांना पटवावे लागले.

आज नीनॉर्स्कची स्थिती काय?

१९२९ मध्ये लान्समोलला ‘नीनॉर्स्क’ आणि दुसऱ्या रूपाला ‘बोकमोल’ ही अधिकृत नावे मिळाली. दोन्ही एकत्र करण्याचे विसाव्या शतकातील प्रयत्न फसले. १९४० च्या दशकात सुमारे एक तृतीयांश शाळकरी मुले नीनॉर्स्कमध्ये शिकत होती. नंतर शहरे वाढली तसे प्रमाण घसरत गेले. आज ही भाषा प्रामुख्याने पश्चिम नॉर्वेत टिकून आहे. शाळेत मुलांना दोन्ही रूपे शिकावी लागतात आणि केंद्रीय शासकीय संस्थांना प्रत्येक रूपाचा किमान २५ टक्के वापर बंधनकारक आहे. यावरून वाद नित्याचे आहेत. शहरी विद्यार्थ्यांना ही सक्ती जाच वाटते, तर ती उठवली तर अल्पसंख्य रूप मरेल, असे समर्थक म्हणतात.

तरीही नॉर्वेत एक गोष्ट ठळकपणे दिसते. तिथे मंत्री, प्राध्यापक, वृत्तनिवेदकही सार्वजनिक ठिकाणी आपल्या गावची बोली सहज बोलतात आणि कोणी हसत नाही. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. मात्र बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे, तिलाही व्याकरण आणि इतिहास असतो, हे या देशात सर्वात आधी कागदावर मांडले ते ओसेन यांनी. ओर्स्टा येथे त्यांच्या जन्मस्थानी २००० साली वास्तुविशारद स्वेरे फेन यांनी आखलेले संग्रहालय उभे राहिले. फिरत्या शाळेचा मास्तर जिथून निघाला होता, तिथे आता शाळकरी मुले त्याचे शब्द पाहायला येतात.